पुडीतली अळिंबी खरी कशावरून?

मृगाचा पाऊस पडून गेला, ऊन-पावसाचा लपंडाव सुरू झाला आणि ढग गडगडले, की कोकणात, गोव्यात आणि पूर्व विदर्भात काही जाणती माणसे भल्या पहाटे टोपली घेऊन रानाची वाट धरतात. वारुळाच्या आसपास रातोरात उगवून आलेली अळिंबी त्यांना हवी असते. गोव्यात तिला अळमी म्हणतात, विदर्भात सात्या किंवा टेकोडे म्हणतात. शहरात मात्र 'मश्रूम' या एकाच शब्दात सगळे उरकते. रानातल्या या बायकांनी वनस्पतिशास्त्राचे पुस्तक कधी उघडलेले नसते, पण त्यांची परीक्षा कडक असते. टोपीचा आकार कसा आहे, टोपीखालच्या पातळ पट्ट्यांचा रंग कोणता, देठ जमिनीत किती खोल गेला आहे, वास कसला येतो, जागा कोणती, दिवस कोणते, या साऱ्या खुणा जुळल्या तरच अळिंबी टोपलीत पडते. एका खुणेबद्दल जरी शंका आली, तरी ती तिथेच टाकून दिली जाते. कारण चूक झाली तर ती जिवावर बेतते, हे घराघरात ठाऊक असते.

आता हीच अळिंबी किराणा दुकानाच्या फळीवर, औषधांच्या दुकानात आणि घरपोच येणाऱ्या खोक्यात पूड होऊन दिसू लागली आहे. शंभर ग्रॅमची देखणी पुडी, तिच्यावर हिरवे पान आणि 'शंभर टक्के सेंद्रिय' अशी ठळक अक्षरे. आत असते ती तपकिरी किंवा पिवळसर भुकटी. रानातल्या बाईने पाहिलेल्या खुणांपैकी एकही तिच्यात शिल्लक नसते. टोपी नाही, देठ नाही, जागा नाही, हंगाम नाही. पूड म्हणजे ओळख पुसून टाकलेली वस्तू.

ही गोष्ट आपल्या घरांना नवी नाही. मिऱ्यात पपईच्या बिया, तिखटात विटेचा भुगा आणि हळदीत मेटॅनिल यलो नावाचा रंग मिसळणारे महाभाग आपल्याकडे फार जुने आहेत. म्हणूनच तर उन्हाळ्यात मिरच्या-हळकुंडे निवडून, वाळवून, डंकावर डोळ्यांदेखत कुटून आणण्याची रीत पडली. ज्या वस्तूची पूड होते तिच्यात भेसळ सोपी, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावे लागले नाही. फरक इतकाच, की हळदीची चव आणि रंग आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. रेशी किंवा लायन्स मेन या अळिंबीची चव कशी असते, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? जी वस्तू आपण अख्खी कधी पाहिलेलीच नाही, तिची पूड ओळखायची कशी?

पूड आली कुठून?

भारतात अळिंबीची लागवड तशी अलीकडची. हिमाचल प्रदेशातील सोलन येथे १९६१ च्या सुमारास तिचे प्रयोग सुरू झाले. १९८३ मध्ये तिथे राष्ट्रीय संशोधन केंद्र उभे राहिले आणि १९९७ मध्ये सोलनला 'भारताचे मश्रूम शहर' असा किताब मिळाला. आपल्याकडे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळिंबी प्रकल्पाने शेतकऱ्यांना, बेरोजगार तरुणांना आणि महिला गटांना धिंगरी म्हणजे शिंपला अळिंबी लावायला शिकवले. गव्हाचे काड, भाताचा पेंढा किंवा सोयाबीनचे कुटार, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एक अंधारी, ओलसर खोली एवढ्या भांडवलावर हा धंदा सुरू होतो.

पण ताजी अळिंबी भारी नाजूक. एक-दोन दिवसांत तिला पाणी सुटते, वास येतो. ज्या दिवशी गिऱ्हाईक आले नाही, त्या दिवसाचा माल वाळवून त्याची पूड करणे हा शहाणपणाचा मार्ग. ही पूड सूपमध्ये, आमटीत, पापडात, बिस्किटात घालता येते. इथवर सारे ठीक होते. पुढे चीन-जपानच्या परंपरागत वैद्यकातील रेशी, शिताके, कॉर्डिसेप्स यांची नावे आरोग्याच्या बाजारात आली. करोनाच्या साथीनंतर 'प्रतिकारशक्ती' हा शब्द घरोघर पोहोचला आणि भाजीची पूड पाहता पाहता औषधाच्या भावाने विकली जाऊ लागली.

ती कोण घेते, हे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य कळते. हौसेने सूप करणारे थोडे. बहुतेक घरांत ती येते ती कुणाच्या तरी आजारपणाच्या मागोमाग. वडिलांची साखर आटोक्यात येत नाही, आईची किमोथेरपी चालू आहे, आणि शेजारी, नातेवाईक किंवा साखळी पद्धतीने माल विकणारा कुणी ओळखीचा सांगतो, 'हे देऊन तर बघा.' अशा वेळी माणूस घासाघीस करीत नाही आणि शंकाही काढीत नाही. नेमका याच मनःस्थितीचा फायदा घेतला जातो.

म्हणून पुडीपुढे उभे राहताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारायला हवेत. ही मुळात अळिंबी आहे का? लेबलवर लिहिलेली तीच अळिंबी आहे का? आणि ती सेंद्रिय आहे का? या तिन्हींची उत्तरे एका जागी मिळत नाहीत. पहिल्याचे थोडेफार उत्तर आपल्या स्वयंपाकघरात मिळते, दुसऱ्याचे प्रयोगशाळेत आणि तिसऱ्याचे शेतावर व कागदोपत्री.

स्वयंपाकघरातली परीक्षा

पहिली परीक्षा साध्या गुणाकाराची आहे. ताज्या अळिंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते. म्हणजे १० किलो ताजी अळिंबी वाळवली, तर हाती जेमतेम किलोभर माल येतो. समजा, आपल्या गावात धिंगरी २०० रुपये किलोने मिळते. मग एक किलो पुडीला नुसत्या मालाचेच २,००० रुपये झाले. वाळवणे, दळणे, बांधणी, वाहतूक आणि दुकानदाराची टक्केवारी वेगळीच. उत्पादकाला माल बाजारभावापेक्षा स्वस्त पडतो हे धरले, तरी कुणी तीच पूड ७००-८०० रुपये किलोने देऊ लागला, तर हात आखडता घ्यावा. उलट, महाग म्हणजे खरी असेही समजू नये. भाव फक्त स्वस्ताईतले खोटे उघडे पाडतो.

दुसरी परीक्षा समजून घेण्यासाठी अळिंबीची रचना थोडी माहीत हवी. आपण जिला अळिंबी म्हणतो, ते खरे म्हणजे बुरशीचे फळ. झाडाला आंबा यावा, तसे. मूळ शरीर म्हणजे पांढऱ्या तंतूंचे जाळे. ते काडात किंवा लाकडात पसरलेले असते. अळिंबीचे बियाणे, ज्याला उत्पादक 'स्पॉन' म्हणतात, ते गव्हाच्या किंवा ज्वारीच्या शिजवलेल्या दाण्यांवर हेच तंतू वाढवून तयार करतात. हे तंतू दाण्यात इतके गुरफटलेले असतात, की दाणा वेगळा काढता येत नाही. आता असे तंतू वाढलेले धान्य फळ येण्याआधीच वाळवून दळले तर? तीही 'मश्रूम पावडर' म्हणून बाजारात येते. परदेशात अशा मालावर बरीच वर्षे वाद चालू आहे. ती विषारी नसते, पण तिच्यात दळलेल्या धान्याचा वाटा मोठा असतो. गिऱ्हाइकाला ते सांगितले नाही, तर ती फसवणूकच.

धान्य म्हटले की स्टार्च आला. अळिंबीच्या फळात मात्र स्टार्च जवळजवळ नसतो. आणि स्टार्च ओळखण्याची युक्ती शाळेतल्या मुलालाही माहीत असते. आयोडिनचा थेंब टाकला, की तो निळा-काळा पडतो. दूध-पनीरमधला स्टार्च ओळखण्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने घरगुती तपासणीच्या पुस्तिकेत हीच पद्धत दिली आहे.

तीन पेले घ्यावेत. पहिल्यात अर्धा चमचा विकतची पूड, दुसऱ्यात घरी वाळवून दळलेल्या अळिंबीची तेवढीच पूड आणि तिसऱ्यात चिमूटभर तांदळाचे पीठ. तिन्हींत अर्धा-अर्धा कप पाणी घालून ते मिश्रण वेगवेगळे उकळावे आणि पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण गरम पाण्यात हा निळा रंग दिसतच नाही. मग निवळी गाळून प्रत्येकीत टिंक्चर आयोडिनचे दोन थेंब टाकावेत. पिठाचा पेला निळा-काळा होईल, घरच्या पुडीचा पेला आयोडिनच्याच पिवळट-तपकिरी रंगाचा राहील. विकतच्या पुडीचा पेला या दोघांपैकी कुणाच्या जवळ जातो, ते पाहावे. पूड मुळातच गडद असेल, तर निवळी पाण्याने पातळ करून घ्यावी. प्रयोग झाल्यावर तिन्ही पेले ओतून द्यावेत आणि आयोडिनची बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

या परीक्षेच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. लायन्स मेनसारख्या काही अळिंब्यांचे बीजाणू स्वतःच आयोडिनने काळसर होतात. म्हणून पुसटशी छटा दिसली, की लगेच विक्रेत्याच्या नावाने खडे फोडू नयेत. पेला गर्द निळा झाला तर मात्र प्रश्न विचारावा. आणि रंग बदलला नाही म्हणून निश्चिंतही होऊ नये, कारण लाकडाचा भुसा किंवा दुसऱ्या एखाद्या स्वस्त अळिंबीची पूड आयोडिनला सापडत नाही.

घरात नववी-दहावीतले मूल असेल आणि शाळेत चांगला सूक्ष्मदर्शक असेल, तर रविवारचा आणखी एक प्रयोग करता येतो. चिमूटभर पूड पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवून शंभर ते चारशे पट मोठी करून पाहावी. अळिंबीचे तुकडे म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या धाग्यांचे पुंजके दिसतात. पीठ असेल, तर स्टार्चचे सुटे कण दिसतात आणि काचेच्या कडेने आयोडिन सोडले, की डोळ्यांदेखत निळे होतात.

लेबलवरच्या एका शब्दापासून सावध राहावे. 'पॉलिसॅकराइड ४० टक्के' असे काही पुड्यांवर अभिमानाने छापलेले असते. वाचणाऱ्याला वाटते, केवढा हा गुण! पण पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या कणांची लांब माळ, आणि भातातला स्टार्च हाही पॉलिसॅकराइडच. अळिंबीचे म्हणून ज्याचे कौतुक होते, तो घटक बीटा-ग्लुकान. तो स्टार्चपासून वेगळा मोजण्याची पद्धत आयर्लंडमधील रसायनतज्ज्ञांनी २०१६ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात सविस्तर मांडली आहे. म्हणजे मोजायचेच असेल, तर साधन आहे. पुडीवर नुसते पॉलिसॅकराइड असेल आणि बीटा-ग्लुकानचा आकडा नसेल, तर तो का नाही, असे जरूर विचारावे.

नाव एक, माल दुसरा

पुडीत अळिंबी आहे हे ठरले, तरी ती कोणती? इथे आपले स्वयंपाकघर फारशी मदत करू शकत नाही. एखाद-दुसरी खूण तेवढी मिळते. रेशी ही लाकडासारखी कठीण आणि चांगलीच कडू असते. तिच्या पुडीचा काढा कडू लागला नाही, तर दाल में कुछ काला है, असे समजावे. पण कडूपणा दुसऱ्या कशानेही आणता येतो, हेही खरेच.

प्रयोगशाळेत पाहिले तर काय दिसते? अमेरिकेच्या बाजारातून रेशीच्या पूरक आहाराचे १९ नमुने विकत घेऊन संशोधकांनी तपासले आणि निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. रेशीची ओळख पटवणारी ट्रायटर्पीन नावाची द्रव्ये आणि तिची पॉलिसॅकराइडे यांची जुळणी केल्यावर १९ पैकी फक्त ५ नमुने लेबलाशी प्रामाणिक ठरले. कायदे कडक समजल्या जाणाऱ्या देशातली ही कथा.

प्रत्येक वेळी लबाडीच असते असेही नाही. लंडनच्या क्यू येथील वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दुकानातून पोर्चिनी या प्रसिद्ध अळिंबीची चीनमधून आलेली एक सुकी पुडी आणली आणि तिच्यातल्या १५ तुकड्यांचा डीएनए तपासला. त्या एका पुडीत तीन निरनिराळ्या जाती निघाल्या आणि तिन्हींना तोवर शास्त्रात नावच नव्हते! कुणाला अपाय झाला नाही. पण ज्या मालाचे नाव शास्त्रज्ञांनाही ठाऊक नाही, तो रोजच्या बाजारात खुशाल विकला जात होता. तिथे निदान तुकडे तरी होते. पूड असती, तर काय झाले असते?

सर्वांत मोठा घोळ कॉर्डिसेप्सचा आहे. उत्तराखंडमधील पिथौरागढच्या उंच कुरणांत बर्फ वितळल्यावर 'कीडा जडी' सापडते. जमिनीखालच्या एका अळीच्या शरीरात ही बुरशी वाढते आणि तिचे काडीसारखे फळ वर येते. तिचा भाव किलोला लाखांत असतो. अतिसंकलनामुळे २०२० मध्ये तिची गणना असुरक्षित जातींत झाली. बाजारातल्या बहुतेक पुड्यांवर जे 'कॉर्डिसेप्स' लिहिलेले असते, ती ही नव्हे. ती असते कॉर्डिसेप्स मिलिटारिस ही नारिंगी रंगाची बहीण, जी काचेच्या बरण्यांत तांदळावर वाढवता येते. तिची लागवड करणे हा चांगला, सचोटीचा उद्योग आहे. पण लेबलवर हिमालयाचे शिखर छापायचे, कीडा जडीच्या कथा सांगायच्या आणि आत बरणीतला माल भरायचा, ही सचोटी नव्हे. २००७ पासून शास्त्रज्ञांनी कीडा जडीला ओफिओकॉर्डिसेप्स सायनेन्सिस असे वेगळे नाव दिले आहे. म्हणून लेबलवर पूर्ण शास्त्रीय नाव आहे का, एवढे पाहिले तरी निम्मा उलगडा होतो. कीडा जडीच्या महागाईपायी तिच्यात वजन वाढवण्याचेही प्रकार होतात. अशा दूषित मालामुळे शिशाची विषबाधा झालेल्या दोन रुग्णांची नोंद तैवानमधील डॉक्टरांनी १९९६ मध्ये केली होती.

प्रयोगशाळेकडे तीन हत्यारे आहेत. एर्गोस्टेरॉल हे बुरशीच्या पेशींत असणारे आणि धान्यात नसणारे द्रव्य मोजले, की पुडीत बुरशीचा वाटा किती याचा अंदाज येतो. रासायनिक ठसा जुळवला, की ठराविक अळिंबीची विशिष्ट द्रव्ये आहेत का ते कळते. आणि डीएनएचा आयटीएस नावाचा तुकडा, जो २०१२ मध्ये बुरशींची सर्वमान्य ओळखखूण म्हणून सुचवला गेला, त्यावरून जात ठरते. मात्र अर्क काढून सुकवलेल्या पुडीत डीएनए टिकतोच असे नाही, आणि डीएनए जात सांगतो, फळ की धान्यावरचे तंतू हे सांगत नाही. म्हणून एकाच चाचणीच्या कागदावर विसंबू नये.

सेंद्रिय म्हणजे काय?

आता तिसरा प्रश्न. पुष्कळांना वाटते, अळिंबीला खत नाही, फवारणी नाही, मग ती सेंद्रियच! प्रत्यक्षात गोष्ट जरा वेगळी आहे. काडात आधीपासून असलेल्या इतर बुरशी मारल्याशिवाय धिंगरी नीट वाढत नाही. आपल्याकडे प्रशिक्षणात शिकवली जाणारी एक सर्रास पद्धत अशी, की १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि १२५ मिलिलिटर फॉर्मेलिन घालून त्यात काड १६ ते १८ तास बुडवून ठेवायचे. पद्धत स्वस्त आहे, इंधन लागत नाही, म्हणून छोट्या उत्पादकांत ती रुळली. पण या काडावरचे पीक सेंद्रिय म्हणता येत नाही. सेंद्रियवाल्याला काड गरम पाण्यात किंवा वाफेवर निर्जंतुक करावे लागते, आणि ते काडही रसायनांविना पिकवलेल्या शेतातले असावे लागते. पुढे अळिंबीवर माश्या आल्या, तर कीटकनाशक मारण्याची सोय त्याला नाही. इंधन, मेहनत आणि वाया जाणारा माल हे सारे धरून त्याचा भाव जास्त असतो, आणि तो योग्यच असतो.

इथे एक गोम आहे. 'सेंद्रिय' हा पदार्थाचा गुण नसून त्याच्या जन्माचा इतिहास आहे. प्रयोगशाळेत कार्बेन्डाझिमचा अंश सापडला, तर दावा खोटा ठरण्याची वेळ येते. पण काही सापडले नाही, म्हणून तो खरा ठरत नाही. रसायन वापरले आणि ते उडून गेले किंवा धुऊन गेले, असेही होऊ शकते. खोटे बोलणारा प्रयोगशाळेत सापडेल, खरे बोलणाऱ्याला मात्र आपले खरेपण कागदपत्रांनी आणि शेत दाखवूनच सिद्ध करावे लागते.

या कागदपत्रांची आपल्याकडे व्यवस्था आहे. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात तिसरी संस्था येऊन तपासणी करते. पीजीएस-इंडिया या पद्धतीत शेतकऱ्यांचे गट एकमेकांच्या शेताची पाहणी करून हमी देतात. २०१७ च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या वेष्टित खाद्यपदार्थाला या दोहोंपैकी एक प्रमाणपत्र हवे आणि पुडीवर 'जैविक भारत'चे बोधचिन्ह हवे. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या मूळ उत्पादकाने थेट गिऱ्हाइकाला माल विकला, तर त्याला प्रमाणपत्रातून सूट आहे, पण मग त्याला ते बोधचिन्ह वापरता येत नाही. म्हणजे बचत गटाच्या ताईंच्या पुडीवर चिन्ह नसेल, तर तो दोष मानू नये. मोठ्या कंपनीच्या पुडीवर नुसते हिरवे पान असेल आणि चिन्ह नसेल, तर मात्र तो दोष आहे.

चिन्ह छापणे सोपे असते, म्हणून पुढची पायरी. विक्रेत्याकडे प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि त्यात तीन गोष्टी पाहाव्यात. मुदत संपलेली नाही ना? नाव पुडीवरच्याच उत्पादकाचे आहे ना? आणि प्रमाणित मालाच्या यादीत अळिंबी आहे ना? हळदीसाठी प्रमाणपत्र घ्यायचे आणि त्याच कागदावर दहा वस्तू विकायच्या, ही पळवाट बाजारात अनोळखी नाही. पुडीवरचा १४ अंकी परवाना क्रमांक अन्न प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर घालून पाहिला, की परवाना कुणाचा व कशासाठी आहे हे दिसते.

हे कागदही देवाचा शब्द नव्हेत. २०२१ मध्ये अमेरिकेने भारतीय सेंद्रिय प्रमाणीकरणाला दिलेली मान्यता काढून घेण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी युरोपीय संघाने आपल्याकडे काम करणाऱ्या काही प्रमाणन संस्थांना आपल्या यादीतून वगळले. भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्याचे प्रकरण त्यामागे होते. कागद आणि माल यांची गाठ सुटली, की देशाची पत जाते, याचा हा धडा.

आणखी एक गैरसमज. सेंद्रिय म्हणजे जड धातू नाहीत, असे नव्हे. अळिंबी ज्यावर वाढते, त्यातले कॅडमियम, शिसे, पारा शोषून घेण्याची तिची ताकद मोठी आहे, आणि पूड म्हणजे दहापट आटवलेला माल. म्हणून शिसे, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा या चारींचा तपासणी अहवाल मागावा. अहवालावरचा बॅच क्रमांक आपल्या पुडीवरच्या क्रमांकाशी जुळायला हवा. प्रयोगशाळा एनएबीएलची मान्यता असलेली असावी. तीन वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच मालाचा अहवाल दाखवणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या ४०व्या कलमानुसार सामान्य खरेदीदारही शुल्क भरून अन्नाचा नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो आणि माल कायद्याविरुद्ध निघाला, तर ते शुल्क परत मिळते. तक्रारीसाठी अन्न व औषध प्रशासनाचे दार आहे, आणि १९१५ हा ग्राहक मदतीचा दूरध्वनी क्रमांकही आहे.

खरी असली, तरी...

तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तरी चौथा प्रश्न उरतोच: ही पूड आजार बरा करते का? रेशी आणि कर्करोग यांवरील चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०१६ मध्ये अद्ययावत झाला. रेशी हा कर्करोगावरचा मुख्य उपचार म्हणून वापरण्याइतका पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. प्रचलित उपचारांना जोड म्हणून तिचा काही उपयोग असू शकेल, एवढेच त्यात म्हटले आहे. दुसरीकडे, रेशीच्या पुडीशी निगडित यकृतदाहाने मृत्यू झाल्याची नोंद थायलंडच्या वैद्यकीय नियतकालिकात २००७ मध्ये आहे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर विशेष जपावे. घरातल्या रुग्णाला पूड देण्याआधी ती पुडी डॉक्टरांसमोर ठेवावी, लपवू नये. आणि मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याची हमी देणारी जाहिरात दिसली, तर १९५४ पासून असल्या जाहिरातींविरुद्ध कायदा आहे, हे विसरू नये. जो विक्रेता एवढ्या उघडपणे कायदा मोडतो, तो पुडीतल्या मालाबाबत खरे बोलत असेल, यावर कसा विश्वास ठेवायचा?

मग अळिंबीची पूड घ्यायचीच नाही का? तसे मुळीच नाही. ज्यांना ती चवीसाठी आणि पोषणासाठी हवी आहे, त्यांच्यासाठी सर्वांत सोपा मार्ग आपल्या आज्यांचाच आहे. पूड विकत न घेता अख्खी सुकी अळिंबी घ्यावी. तिला टोपी असते, देठ असतो, वास असतो. ती पाण्यात फुगवून पाहता येते. किंवा ओळखीच्या उत्पादकाकडून ताजी धिंगरी आणून, स्वच्छ करून, उभी चिरून, पातळ कापडाखाली कडक उन्हात वाळवावी. उन्हात वाळवलेल्या अळिंबीत एर्गोस्टेरॉलपासून ड जीवनसत्त्वही तयार होते. तुकडा मोडल्यावर कट्‌ असा आवाज आला, की मिक्सरमधून फिरवून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावी आणि महिन्या-दोन महिन्यांत संपवावी. आमटीत, पिठल्यात, थालीपिठाच्या भाजणीत चमचाभर घालून नीट शिजू द्यावी. रानातून कुणी अनोळखी माणसाने आणून कुटलेली पूड मात्र कितीही गावरान म्हणून सांगितली, तरी घेऊ नये. तिच्यात काय गेले आहे, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

पूड विकतच घ्यायची असेल, तर विचारावे. काड कशाने निर्जंतुक करता? फळाची पूड आहे की धान्यावरच्या तंतूंची? कोणत्या जातीची? अहवाल आहे का? कधी येऊन शेड पाहू? हे विचारताना संकोच वाटायचे कारण नाही. पहाटे चारला उठून पाणी तापवणाऱ्या, माश्यांसाठी जाळ्या लावणाऱ्या, पिशवीमागून पिशवी वाया गेली तरी फॉर्मेलिनला हात न लावणाऱ्या एखाद्या गटातल्या बाईला असे प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक हवेच असते. पीठ मिसळलेल्या स्वस्त पुडीपुढे तिचा महाग, खरा माल पडून राहतो, तो असे प्रश्न कुणी विचारीत नाही म्हणूनच. आपण विचारू लागलो, की तिची शेड बंद पडणार नाही आणि आपल्या आजारी माणसाच्या पेल्यात कुणाचे पीठ जाणार नाही.